ठसका

शनिवारी पहाटे रेक्टरबाईंच्या वहीत
चौघींनी चार कारणं लिहिली.
मेहरूननं मावशीचा साखरपुडा,
तनिष्कानं दाढ,
सायबीनं नुसतं 'घर'.
तिचं तेवढं खरं होतं.
माझं कारण इंग्रजीत होतं, स्पेलिंग चुकलेलं.
बाईंनी चष्म्यावरून बघितलं, सही केली.

हर्षाली त्याच दिवशी प्रागला जाणार होती.
चार महिन्यांपूर्वी आमच्याच खोलीत
पलंगाखाली शेवेची पिशवी लपवणारी,
आता जर्मनीत शिकते
आणि सुट्टीला देश बदलते,
आपण भुसावळला गाडी बदलतो तशी.
ग्रुपवर तिनं लिहिलं होतं,
तुम्हीपण जा ना गं कुठंतरी.
म्हणून आम्ही नंदुरबारला निघालो.

धरणगाव, अमळनेर.
नरडाण्याला पॅसेंजर उगाच उभी राहिली
चाळीस मिनिटं.
मेहरूननं डबा उघडला, कळण्याच्या पुऱ्या नि ठेचा.
समोरची बाई म्हणाली,
"कथा चालन्यात व पोरीस्वन?"
"फिराले," तनिष्का म्हणाली.
"नंदुरबारले? फिराले?"
बाईनं आमच्या डब्यातली एक पुरी उचलली
आणि दोंडाईचापर्यंत हसत राहिली.

सायबीचे वडील मिरचीच्या पथारीवर राखणदार.
शहर संपतं तिथं ती सुरू होते,
आधी नाकाला कळतं, मग डोळ्यांना.
लाल.
म्हणजे किती, ते सांगायला जावं
तर शिंकच येते.
तोंडाला फडकी बांधलेल्या बाया
पायांनी मिरची उलथत चाललेल्या,
आणि आमच्याकडे बघून एकमेकींना कोपरानं ढोसणाऱ्या :
या पैसे देऊन आल्यात इथं, शिंकायला.

तेवढ्यात हर्षालीचा व्हिडिओ कॉल.
मागे धुकं, नदी, पूल,
पुलावर रांगेनं काळपट पुतळे.
सहाशे वर्षं जुना गं, ती म्हणाली,
आणि दोन अनोळखी चेहऱ्यांनी आम्हाला हात हलवले.
आम्ही फोन फिरवला. सावकाश,
या टोकापासून त्या टोकापर्यंत.
ती काहीच बोलली नाही.
मग शिंकली.

तिकडे उणे तीन, सर्दी झाली असणार, तनिष्का म्हणते.
मेहरून म्हणते, छट, तो ठसका होता,
मला कळतो.
मागचं कुणीतरी काहीतरी बोललं, सगळे हसले,
हर्षाली अर्ध्या सेकंदानं हसली.
नेटवर्क असेल.

रात्री पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी.
सायबीची आई धडगावकडची, पावरी बोलणारी,
तिचं एक अक्षर आम्हाला कळेना
आणि आमचं तिला कळत असूनही
ती उत्तर सायबीलाच द्यायची.
मी विसरून डोळा चोळला.
आईनं माझी मनगटं धरली,
बोटाबोटाला तेल लावलं,
डोळ्यावर ओला पदर दाबून बसली कितीतरी वेळ.
दुसऱ्या डोळ्यानं मला दिसत होतं :
सायबी फार लांब बसली होती.
वसतिगृहात ती अशी कधी बसत नाही.
तिला आम्ही इथं यावं असं
मनापासून वाटत होतं की नव्हतं,
हे मी अजून विचारलेलं नाही.

रविवारी हर्षालीनं बेचाळीस फोटो टाकले.
आम्ही एकही नाही.
काढलेच नव्हते, बोटं झोंबत होती.
सोमवारी तिनं फक्त मलाच विचारलं,
वांगी कुणी भाजली?

पण त्याआधी, रविवारी सात वाजून दहा मिनिटं,
वही उघडी.
बाईंनी तनिष्काला विचारलं, दाढ कशी आहे,
मेहरूनला विचारलं, मुलगा काय करतो,
आणि माझं चुकलेलं स्पेलिंग लाल पेनानं सुधारता सुधारता
त्यांना जी शिंक आली,
एक, दोन, तीन.
सायबी पहिल्यांदा खळखळून हसली.